आवाज न करणारी बॅट

आमच्या घरात हिरोजी नावाची दोन माणसे होती. एक हिरोजी फर्जंद. आग्र्याच्या नजरकैदेतून शिवाजी महाराज निसटले, तेव्हा त्यांच्या पलंगावर पांघरूण ओढून निजून राहिलेला. दुसरा हिरोजी सातो. १९५२ साली मुंबईत टेबल टेनिसचा जगज्जेता झालेला जपानी खेळाडू. पहिल्याची गोष्ट अण्णा, म्हणजे माझे वडील, गणेशोत्सवात आम्हा मुलांना जमवून सांगत. दुसऱ्याची गोष्ट सांगायला त्यांना निमित्त लागत नसे. हे दोघे एकाच घराण्यातले असावेत, अशी सहा-सात वर्षांची होईपर्यंत माझी प्रामाणिक समजूत होती. एकदा मी तसे विचारलेही. अण्णा खूप हसले आणि मग म्हणाले, "तसं पाहिलं तर दोघांचं काम एकच. गप्प राहायचं आणि समोरच्याला काही कळू द्यायचं नाही."

आम्ही जबलपूरचे. आजोबा नागपूरहून नोकरीसाठी इथे आले, तेव्हा दोन्ही गावे एकाच मध्यप्रांत-वऱ्हाडात होती. १९५६ साली राज्यांची पुनर्रचना झाली. नागपूर मुंबई राज्यात गेले, आम्ही मध्य प्रदेशात राहिलो. नातेवाईक तिकडे, आम्ही इकडे. घरात मराठी, उंबऱ्याबाहेर हिंदी. अण्णा तोफगाडीच्या कारखान्यात लेखा विभागात कारकून होते. १९०४ पासून चालत आलेल्या या कारखान्याला गावात सगळे जी.सी.एफ. म्हणतात. वसाहतीत कामगारांसाठी एक क्लब होता. तिथे कॅरमचे दोन बोर्ड, वर्तमानपत्रांचे एक मेज आणि टेबल टेनिसचे एकच टेबल होते. त्या टेबलाचा एक कोपरा पावसाळ्यात फुगे. त्यावर पडलेला चेंडू जेमतेम वीतभर उसळे आणि पाहुणा खेळाडू हवेत बॅट फिरवून मोकळा होई. अण्णांना तो कोपरा पाठ होता. त्याचा फायदा ते घेत नसत, असे मी म्हणणार नाही.

त्या काळची बॅट आजच्यासारखी नव्हती. लाकडी फळीवर बारीक दाणे असलेल्या रबराचा एक पातळ थर, एवढेच. चेंडू सरळ मारला की 'टक्' असा कोरडा आवाज येई. खालून कापून मारला की तोच आवाज मऊ होऊन 'टप्' असा लागे. चेंडू जाळी ओलांडण्याआधीच अण्णांना त्याच्यावर फिरकी आहे की नाही, हे कानांनी कळत असे. अर्धा खेळ कानांचा, असे ते म्हणत. समोरच्याचा खेळ जोखायचा असेल तर बाकावर बसून ते डोळे मिटून घेत. क्लबमधल्या नव्या माणसाला वाटे, बाबूजींना झोप लागली.

१९५२ च्या फेब्रुवारीत जागतिक टेबल टेनिस स्पर्धा मुंबईत भरली. आशिया खंडात ही स्पर्धा त्याआधी कधीच झाली नव्हती. अण्णा तेव्हा सव्वीस वर्षांचे होते, लग्न व्हायचे होते, आणि कारखान्याच्या संघात त्यांचा पहिला क्रमांक होता. त्यांनी साठवलेली रजा घेतली, एका मित्राकडून थोडे पैसे उसने घेतले आणि कलकत्त्याहून येणाऱ्या मेलने इटारसी, भुसावळ करत ते मुंबईला पोहोचले. उतरले गिरगावात, आतेभावाच्या खोलीत. दिवसभर ब्रेबॉर्न स्टेडियमवर सामने पाहायचे आणि रात्री चाळीच्या गॅलरीत कंदिलाच्या उजेडात वहीत टिपणे काढायची, असा त्यांचा क्रम होता. ती वही मी पाहिली आहे. तीत खेळाडूंची नावे देवनागरीत, ऐकू आली तशी लिहिलेली आहेत आणि प्रत्येकापुढे एकच शेरा: 'पाय चांगले', 'मनगट', 'घाई', 'कापतो पण थकतो'.

हंगेरी, इंग्लंड, अमेरिका हे तेव्हा या खेळातले नावाजलेले देश होते. अमेरिकेच्या मार्टी रीझमनचा टोला पाहण्यासाठी लोक आधीपासून जागा धरून बसत. जपानकडे मात्र फारसे कोणाचे लक्ष नव्हते. महायुद्धात मोडून पडलेला तो देश अजून परकीय अमलाखाली होता. तो अंमल संपला त्याच वर्षीच्या एप्रिलमध्ये. त्यातही फुजी आणि हायाशी हे जपानचे अधिक नावाजलेले खेळाडू. सातो म्हणजे एक किरकोळ अंगाचा, चष्मा लावणारा तरुण. लेखणी धरावी तशी तो बॅट धरत असे आणि त्याच्या बॅटीला रबराऐवजी जाड स्पंज चिकटवलेला होता.

अण्णांच्या वहीत सातोच्या नावापुढे प्रथम काहीच शेरा नाही. दुसऱ्या दिवशी तिथे एकच शब्द आला आहे: 'आवाज?'

ते सांगत, पहिल्या सामन्यात आपल्या कानांत काही बिघाड झाला असावा असेच त्यांना वाटले. एका बाजूने 'टक्' ऐकू येई, दुसऱ्या बाजूने काहीच नाही. चेंडू स्पंजमध्ये क्षणभर रुते आणि मग गोफणीतून सुटावा तसा बाहेर पडे. समोरच्याने दिलेली फिरकी त्या मऊ थरात जिरून जाई. पट्टीचे खेळाडू वर्षानुवर्षे ज्या आवाजावर पाय टाकायला शिकले होते, तो आवाजच नाहीसा झाल्यामुळे त्यांचे पाय अर्धा क्षण उशिरा हलू लागले. या खेळात अर्धा क्षण फार मोठा असतो. रीझमन हरला. अंतिम सामन्यात हंगेरीचा योझेफ कोत्सियान हरला. जपानने पुरुष दुहेरी, महिला दुहेरी आणि महिलांचे सांघिक विजेतेपदही नेले. पुरुषांचे सांघिक विजेतेपद तेवढे हंगेरीने राखले. पण लोकांच्या तोंडी नाव राहिले ते सातोचे.

पुष्कळांनी तेव्हा या बॅटीविषयी तक्रार केली. हा खेळ नव्हे, ही हातचलाखी आहे, असे म्हटले गेले. अण्णांचेही मत जवळजवळ तेच होते. पण नियम पाहिले तर बॅट कशाची असावी, यावर तेव्हा काही बंधन नव्हते. सातोने नियम मोडला नव्हता. नियम करणाऱ्यांना जे सुचले नव्हते, ते त्याने केले होते. हा फरक मला कळायला बरीच वर्षे जावी लागली. अण्णांना तो माझ्याआधी कळला होता, पण ते बोलले नव्हते.

त्या स्पर्धेतली अण्णांची खरी आवडती खेळाडू मात्र निराळी होती. रुमानियाची आंजेलिका रोझेआनू. महिला एकेरीचे विजेतेपद मुंबईत तिने जिंकले आणि ते तिचे सलग तिसरे होते. १९५० पासून १९५५ पर्यंत सलग सहा वर्षे ते तिच्याकडे राहिले. सगळ्या प्रकारांत मिळून तिची जागतिक विजेतेपदे सतरा भरतात. मागे सरून चेंडू कापत कापत परतवायचा आणि समोरची घाईला आली की पुढे येऊन टोला मारायचा, ही तिची रीत अण्णांनी मला कितीदा हातवारे करून दाखवली असेल! तिच्याविषयीची एक गोष्ट मात्र त्यांना ठाऊक नव्हती. मोठेपणी वाचनात आली तेव्हा मी ती त्यांना सांगितली. रोझेआनू ज्यू होती. महायुद्धाच्या काळात बुखारेस्टमध्ये तिला चार वर्षे व्यायामशाळेत पाऊल टाकण्याचीही बंदी होती. एकोणिसाव्या-विसाव्या वर्षी, खेळाडू घडतो त्या वयात, तिच्या हातात बॅट नव्हती. पुढे १९६० मध्ये तिने देश सोडला आणि ती इस्राएलला गेली. तिच्यानंतर आजतागायत आशियाबाहेरची एकही स्त्री एकेरीत जगज्जेती झालेली नाही. हे ऐकून अण्णा बराच वेळ गप्प बसले. मग म्हणाले, "चार वर्षं. आणि मुंबईत तिच्या खेळात ती कुठं दिसली नाहीत."

आपल्या देशालाही त्या वर्षी आनंदाची बातमी मिळाली. सिंगापूरला पहिली आशियाई स्पर्धा झाली आणि महिला एकेरीत मुंबईच्या गुल नासिकवाला विजेत्या ठरल्या. अण्णांनी त्यांचे नाव वहीच्या पुठ्ठ्यावर मोठ्या अक्षरांत लिहून ठेवले होते. मुलगी झाली तर तिला खेळायला शिकवायचे, हे त्यांनी तेव्हाच ठरवले होते, असे आई सांगे. "माझ्याशी लग्न ठरायच्या आधीच यांनी मुलीचं काय करायचं ते ठरवलं होतं," असे ती जरा ठसक्यातच म्हणे.

माझा जन्म १९५४ चा. नवव्या वर्षी अण्णांनी माझ्या हातात बॅट दिली. अर्थात लाकडी, दाणेदार रबराची. संध्याकाळी क्लबमध्ये पुरुषमंडळींची गर्दी असे आणि मुलींनी तिथे जाण्याची रीत नव्हती. म्हणून अण्णा पहाटे पाचला क्लबची किल्ली मागून आणत. हिवाळ्यात जबलपूरची थंडी काही विचारू नका. बोटे इतकी आखडत की बॅटीची मूठ जाणवत नसे. आई आम्हा दोघांना गूळ-शेंगदाण्याची पुडी देई. ती कोटाच्या खिशात. अण्णा सर्व्हिस करत आणि मी डोळे मिटून उभी राहत असे. चेंडू परतवायचा नाही, नुसते सांगायचे: सरळ की कापलेला. शंभरांपैकी नव्वद बरोबर आले की मग खेळायला मिळे. हे शिक्षण आता कुणाला सांगितले तर हसू येईल. पण चौदाव्या वर्षापर्यंत मी गावातल्या माझ्या वयाच्या सगळ्या मुलींना हरवत होते, ते या कानांच्या जोरावर.

इकडे जग पुढे गेले होते. सातोचा स्पंज पुढे काय झाला, हेही सांगितले पाहिजे. पुढच्या वर्षी बुखारेस्टला झालेल्या स्पर्धेत जपानचा संघ उतरलाच नाही. १९५४ साली लंडनला जगज्जेता झाला तो ओगिमुरा. जपानीच, स्पंजवरच खेळणारा, पण वेगळ्या घडणीचा. सातोजवळ नवी बॅट होती. ओगिमुराने त्या बॅटीसाठी नवा खेळ तयार केला. दोन वर्षांनी तो पुन्हा जिंकला आणि खूप पुढे, १९८७ मध्ये, जागतिक संघटनेचा अध्यक्षही झाला. सातो पुन्हा कधीच एकेरीत जगज्जेता झाला नाही. लोक स्पंजला सरावले, त्याच्यावर उपाय शोधू लागले आणि त्याच्या हातातले गुपित सर्वांचे झाले. स्पंजविषयीचा वाद मात्र सात वर्षे चालला. शेवटी १९५९ मध्ये जागतिक संघटनेने मधला मार्ग काढला. नुसत्या स्पंजला बंदी झाली. पण स्पंजच्या थरावर रबर बसवलेली, चार मिलिमीटरपेक्षा जाड नसलेली दुपदरी बॅट मान्य झाली. आज जगात जवळजवळ प्रत्येक खेळाडूच्या हातात असते ती हीच. म्हणजे सातो हरला आणि त्याची बॅट जिंकली, असे म्हणायला हवे.

१९७० साली अशी बॅट आमच्या गावात दुर्मीळच होती. आमच्या क्रीडाशिक्षिकेच्या भावाने परदेशातून एक आणली होती. त्या वर्षी विभागीय शालेय स्पर्धेसाठी माझी निवड झाली, तेव्हा बाईंनी मला बाजूला घेऊन ती दाखवली. "या जुन्या फळीवर तू विभाग जिंकशीलही, पण पुढं टिकणार नाहीस," त्या म्हणाल्या. मला ठाऊक होते की हे खरे आहे. आदल्या वर्षी इंदूरच्या एका मुलीने अशाच बॅटीने मला दोन्ही गेममध्ये दहाच्या आत गुंडाळले होते, आणि अण्णा परत येताना नुसते "तिचा आवाज येत नव्हता" एवढेच म्हणाले होते.

मी ती बॅट घेतली. तीन आठवडे शाळा सुटल्यावर तिच्यावर सराव केला आणि पहाटे अण्णांबरोबर जुन्या बॅटीवर खेळत राहिले. दोन बॅटींनी दोन तऱ्हांचे खेळणे हाताला किती कठीण जाते, ते खेळणाऱ्यालाच कळेल. पण माझी खरी अडचण हाताची नव्हती. रोज रात्री जेवताना आज सांगायचे, असे ठरवून मी बसे आणि ताक पिऊन उठे.

डिसेंबरमध्ये अंतिम सामना झाला. अण्णा अर्ध्या दिवसाची रजा घेऊन आले आणि तिसऱ्या रांगेत बसले. माझ्यासमोर सागरची एक उंच मुलगी होती. सामना सुरू होण्यापूर्वी सरावासाठी आम्ही टेबलाशी गेलो. मी तिरक्या नजरेने पाहिले. अण्णांनी नेहमीप्रमाणे हात छातीशी घेतले आणि डोळे मिटले.

तिचा टोला: टक्. माझा टोला. पुन्हा तिचा: टक्. माझा टोला.

अण्णांनी डोळे उघडले.

त्यांनी माझ्याकडे पाहिले नाही. माझ्या हाताकडे पाहिले. मग ते सामना संपेपर्यंत डोळे उघडे ठेवूनच बसले. मी २१-१८, १९-२१, २१-१६ असा तो सामना जिंकला. टाळ्या वाजल्या, बाईंनी मला मिठी मारली, कुणीतरी हातात लहानसा करंडक दिला. अण्णांनीही टाळ्या वाजवल्या. त्या टाळ्या मला आजही आठवतात. मोजून वाजवाव्यात तशा.

घर लांब होते. एरवी मी सायकलीच्या मागे बसत असे. त्या दिवशी अण्णा सायकल हातात धरून चालू लागले आणि मी करंडक पदराआड धरावा तसा शालीआड धरून त्यांच्या बाजूने चालले. रस्त्यात मिठाईच्या दुकानासमोर ते थांबले. मला वाटले आता बोलतील. त्यांनी पावशेर खोव्याची जिलबी घेतली, पुडा हँडलला अडकवला आणि पुन्हा चालू लागले. रागावले असते तर बरे झाले असते, असे मला वाटत होते. घमापूर मागे पडल्यावर त्यांनी बोलायला सुरुवात केली, ती मात्र माझ्याविषयी नव्हती.

"मुंबईहून परत आलो ना," ते म्हणाले, "तेव्हा पहिल्याच रविवारी मी सदर बाजारात गेलो होतो. मोटारीच्या जुन्या गादीतला स्पंज मिळाला. सायकलच्या पंक्चरचं सोल्यूशन लावून तो बॅटीला चिकटवला."

मी थबकले. ही गोष्ट त्यांनी कधी सांगितली नव्हती. आईलाही नाही.

क्लबमध्ये एक वयस्क मिस्त्री होते. कारखान्याच्या ओतशाळेत काम करणारे. अण्णांना हा खेळ त्यांनीच शिकवला होता. चार वर्षांत अण्णांनी त्यांच्यावर एकही सामना जिंकला नव्हता. त्या स्पंजच्या बॅटीने पहिल्याच संध्याकाळी अण्णांनी त्यांना हरवले. दुसऱ्या संध्याकाळी पुन्हा. आठवडाभर क्लबमध्ये अण्णांसमोर कोणी टिकले नाही. सातव्या दिवशी मिस्त्रींनी मध्येच बॅट टेबलावर ठेवली आणि विचारले, "बाबूजी, आवाज कहाँ गई?" त्यांच्या बोलण्यात तक्रार नव्हती. हरवलेली वस्तू शोधणारा माणूस विचारतो, तसे त्यांनी विचारले होते. त्यानंतर ते काही दिवस क्लबमध्ये आलेच नाहीत. अण्णांनी स्पंज ओरबाडून काढला.

"मला वाटलं, मी त्यांना हरवलं नाही, त्यांचे कान बंद केले," अण्णा म्हणाले. "ते चांगलंच केलं असं मी वीस वर्षं धरून चाललो. पण आज तुझा खेळ पाहताना वाटलं, मिस्त्री शिकले असते. चार दिवस घरी बसले असते आणि मग येऊन शिकले असते. मीसुद्धा शिकलो असतो. मला ते हरलेले बघवेनात म्हणून मी ती बॅट मोडली आणि वर नाव सातोला ठेवलं. मी शिकलो नाही, तुलाही शिकू दिलं नाही."

मला काय बोलावे ते सुचेना. "अण्णा, तुमच्यामुळंच मी..." असे काहीतरी मी सुरू केले. त्यांनी हाताने थांबवले.

"पण बाळ, सांगायला हवं होतंस."

एवढेच. त्या दिवसाविषयी ते मला जे बोलले, ते एवढेच. त्यांचे कबूल करणे मोठ्या मनाचे होते, यात शंका नाही. पण मला ते तेव्हाही पूर्णपणे पटले नव्हते आणि आजही पटत नाही. मिस्त्रींसाठी स्पंज ओरबाडून काढणारा माणूस चुकला, असे मला म्हणवत नाही. त्यांची चूक झाली असेल तर ती नंतरच्या वीस वर्षांतली. आणि माझी चूक बॅटीची नव्हतीच. ती त्या तीन आठवड्यांच्या ताकाच्या पेल्यांत होती.

दुसऱ्या दिवशी पहाटे त्यांनी मला नेहमीप्रमाणे उठवले. क्लबमध्ये गेल्यावर माझी नवी बॅट मागून घेतली, अंगठ्याने दाबून पाहिली, नाकाशी नेऊन हुंगली. पहिला चेंडू त्यांनी मारला तो थेट वर्तमानपत्रांच्या मेजावर. दुसरा खिडकीवर. तिसऱ्याला ते स्वतःच हसू लागले आणि मीही. मग बॅट मला परत देऊन ते आपल्या जुन्या फळीनिशी पलीकडे जाऊन उभे राहिले. "आता तू मार. मी बघतो," म्हणाले. 'ऐकतो' म्हणाले नाहीत. पुढचे दोन महिने ते माझे मनगट पाहून चेंडू ओळखायला शिकत होते. पंचेचाळिसाव्या वर्षी. शंभरांपैकी साठ बरोबर येऊ लागले तेव्हा त्यांना कारखान्यात बढती मिळाल्यासारखा आनंद झाला.

मी काही विजेती झाले नाही. राज्य स्पर्धेत दुसऱ्या फेरीत हरले, विद्यापीठाच्या संघातून तीन वर्षे खेळले आणि मग शाळेत शिक्षिका झाले. खेळ मात्र बदलतच राहिला आणि आम्ही दोघे त्याची बातमी ठेवत राहिलो. पुढे काही खेळाडू बॅटीच्या दोन बाजूंना दोन वेगळ्या गुणांची पण एकाच रंगाची रबरे लावू लागले. कोणत्या बाजूने चेंडू मारला ते दिसत नसे. प्रतिस्पर्धी आवाजावरून ओळखू लागले, तेव्हा मारणारा त्याच क्षणी पाय जोरात आपटून आवाज बुडवू लागला. शेवटी बॅटीची एक बाजू लाल आणि एक काळी असावी, असा नियम झाला. अण्णांना या बातमीने फार समाधान वाटले. कानांची किंमत जगाला उशिरा का होईना कळली, असे त्यांचे म्हणणे. १९९७ मध्ये मार्टी रीझमनने, मुंबईत सातोकडून हरलेल्या त्याच रीझमनने, सदुसष्टाव्या वर्षी जुन्या दाणेदार बॅटीची अमेरिकेतली राष्ट्रीय स्पर्धा जिंकली. ती हकिगत मी त्यांना वाचून दाखवली. त्यांनी जुनी वही मागवली, रीझमनचे नाव शोधले. पुढे १९५२ सालचा शेरा होता: 'घाई'. अण्णांनी पेन घेऊन तो खोडला.

ऐंशीनंतर अण्णांना ऐकू येईनासे झाले. यंत्र आणले, पण ते त्यांना आवडत नसे. २००८ च्या उन्हाळ्यात माझ्या भावाची बारा वर्षांची मुलगी सुट्टीला आली होती. आम्ही जेवणाच्या टेबलावर पुस्तके उभी करून त्यांची जाळी केली आणि खेळू लागलो. तिच्याकडे नवी बॅट होती. मी मुद्दाम अण्णांची जुनी घेतली होती. अण्णा खुर्चीत बसून पाहत होते. थोड्या वेळाने मी थांबले आणि त्यांच्याजवळ जाऊन मोठ्याने विचारले, "अण्णा, ऐकू येतंय का?"

त्यांनी मान हलवली. "नाही. आता सगळ्यांच्याच बॅटी सातोच्या झाल्या," ते म्हणाले, आणि नातीकडे वळून विचारले, "गुण किती झाले गं?"